पगाराचा ठराव सुटा वाचू नका

ब्रिटनमधल्या बिल्डिंग सोसायट्या म्हणजे ठेवी घेणाऱ्या आणि घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था. त्यांचे मालक म्हणजे सभासदच: ठेवीदार आणि कर्जदार. पण वार्षिक सभेची कागदपत्रं आली की पुष्कळजण ‘क्विक व्होट’चा पर्याय असेल तर त्यावर टिचकी मारून मोकळे होतात. त्या एका टिचकीने संचालक मंडळाच्या सगळ्या शिफारशींना होकार जातो, वरिष्ठांच्या पगारालाही.

नेशनवाइड या बिल्डिंग सोसायटीने 2024 मध्ये व्हर्जिन मनी ही बँक सुमारे 2.9 अब्ज पौंडांना घेतली. व्हर्जिन मनीच्या भागधारकांनी त्यावर मतदान केलं. नेशनवाइडच्या सभासदांना मात्र कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी मुख्य कार्यकारी डेबी क्रॉस्बी यांचा कमाल मोबदला सुमारे 70 लाख पौंडांपर्यंत नेणारं धोरण सभेपुढे आलं. कारणं दोन: वाढलेला आकार आणि मोठ्या बँकांमधले पगार. 95 टक्के मतं बाजूने पडली. ती विरोधात गेली असती तरी ठराव सल्ल्यापुरताच होता. शेअर बाजारात नोंदलेल्या ब्रिटिश कंपनीत मोबदल्याच्या धोरणावरचं मत बंधनकारक असतं. मालक म्हणवणाऱ्या सभासदाला भागधारकाहून कमी अधिकार, हे मला अजिबात पटत नाही.

मोबदल्याच्या अहवालात मूळ पगाराच्या वाढीवर थांबू नका. बोनस मूळ पगाराच्या टक्क्यांत मोजतात, त्यामुळे पगार 5 टक्के वाढला की बोनसची कमाल रक्कमही तेवढीच वर सरकते; त्यात टक्केवारीही वाढवली असेल तर खरी उडी तिथेच असते. मग बघा तुलनेला कोणत्या संस्था धरल्यात, आणि बोनस नफ्यावर, आकारावर मिळतो की ठेवीदाराला दिलेल्या व्याजदरावर.

मालकी बदलण्याचा ठराव याहून गंभीर, कारण राखीव निधी आधीच्या पिढ्यांनीही जमवलेला असतो आणि एकदा वाटला की परत येत नाही. 1989 मध्ये अ‍ॅबी नॅशनल, 1997 मध्ये हॅलिफॅक्स आणि नॉर्दर्न रॉक बँका झाल्या. सभासदांना शेअर मिळाले, पण रूपांतर झालेल्या सोसायट्यांपैकी आज एकही स्वतंत्र उरलेली नाही. नॉर्दर्न रॉक तर 2008 मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

सभासदांच्याच मालकीच्या एलव्ही या विमा संस्थेचं उलट झालं. बेन कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीने ती घेण्यासाठी 53 कोटी पौंड देऊ केले, त्यातून बहुतेक सभासदांच्या वाट्याला प्रत्येकी 100 पौंड. डिसेंबर 2021 मध्ये सुमारे 69 टक्के मतं बाजूने पडली. गरज होती 75 टक्क्यांची. सौदा बारगळला तो या अटीमुळे. म्हणून ‘नियमावलीत किरकोळ दुरुस्ती’ असा ठराव दिसला की बहुमताची किंवा किमान मतदानाची अट हलवली आहे का, हे आधी तपासा.

पगारावरचं मत सल्ल्यापुरतं असलं, तरी संचालकांच्या निवडीवरचं मत बंधनकारक असतं. मोबदला समितीच्या अध्यक्षांचं नाव अहवालात असतंच. त्यांच्या फेरनिवडीला विरोधी मत देता येतं, फक्त प्रत्येक ठरावावर वेगळी खूण करावी लागते.