दोन कॅमेरे, एक भिंत: मीटरिंगच्या तुलनेची नोंद

मीटरिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश मोजून एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) ठरवण्याच्या तुलनेचा पहिला टप्पा संपला. माझ्याकडचा निकॉनचा डीएसएलआर आणि फुजीफिल्मचा मिररलेस एकाच प्रकाशात सारखंच एक्स्पोजर सुचवतात का, हे मला बघायचं होतं. ‘या कॅमेऱ्याचे फोटो उजळ येतात’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या एका वाक्यात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: मीटर किती प्रकाश मोजतो, कंपनी आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा) कशाला म्हणते आणि जेपेग बनवताना कॅमेरा काय करतो. या तीन गोष्टी सुट्या केल्याशिवाय दोन कॅमेऱ्यांची तुलना होत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

म्हणून सुरुवात मॅट्रिक्सपासून (पूर्ण फ्रेम बघणारं मीटरिंग) न करता स्पॉटपासून (एका छोट्या जागेचाच प्रकाश मोजणारं) केली. समोर चमक नसलेली साधी भिंत, तिच्यावर सगळीकडे सारखा उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि फोकस मुद्दाम घालवलेला, म्हणजे भिंतीचा खरखरीतपणा फोटोत उतरत नाही. दोन्ही बॉडींवर एकच जुनी, अॅपर्चर रिंगवाली मॅन्युअल लेन्स लावली (फुजीवर अॅडॅप्टरने). एफ/८ असं एकच अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) लिहिलेल्या दोन वेगळ्या लेन्स नेमका तेवढाच प्रकाश सोडतील असं नसतं, आणि तो फरक मीटरच्या नावावर खपून जातो. उजेड दिवसाचा घेतला. एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी त्यातले बरेचसे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला लागोपाठच्या दोन फ्रेम सारख्या येत नाहीत. दिव्यातच मोजायचं असेल तर शटर १/३० किंवा त्याहून सावकाश ठेवावं.

डीएसएलआरला आणखी एक गोष्ट लागते: आयपीस झाकणं. मीटरचा सेन्सर वर प्रिझमजवळ असतो. ट्रायपॉडवर डोळा लावलेला नसला की मागून शिरलेला उजेडही तो मोजतो आणि फोटो काळवंडतो. मिररलेस मुख्य सेन्सरवरच मोजत असल्याने त्याला हा त्रास नाही.

आता स्पॉटचे आकडे. आयएसओ २७२० या मानकात मीटर कशावर जुळवायचा हे ‘के’ या स्थिरांकाने ठरतं, पण मानक एकच आकडा लादत नाही. कॅनन, निकॉन आणि सेकॉनिक १२.५ धरत आले, तर मिनोल्टा आणि पेंटॅक्स १४. हा फरक स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मांडला तर साधारण १/६ भरतो. दोन निर्दोष मीटरही एवढ्याने वेगळे बोलू शकतात, म्हणून १/६ स्टॉपच्या तफावतीवरून कुठल्याही कॅमेऱ्याला नावं ठेवायची नाहीत, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

खरी मजा रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) रॉडिगर या रॉ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आली. दोन्हींच्या जेपेगमध्ये भिंत मधल्या करड्याच्या आसपास, म्हणजे २५५ पैकी ११८ च्या जवळपास बसली होती. रॉमध्ये मात्र हिरव्या चॅनलची सरासरी संपृक्ततेच्या (सेन्सर नोंदवू शकतो ती कमाल मर्यादा) किती खाली आहे ते पाहिलं, तर दोन्हींत स्पष्ट फरक होता. फुजीची भिंत जास्त खाली होती, म्हणजे वर हायलाइटसाठी (सर्वांत उजळ भागांसाठी) जास्त जागा शिल्लक.

कारण आयएसओच्या व्याख्येत आहे. आयएसओ १२२३२ च्या २००६ च्या आवृत्तीत दोन नव्या पद्धती आल्या. फुजीफिल्म वापरते ती एसओएस (स्टँडर्ड आउटपुट सेन्सिटिव्हिटी): जेपेगमध्ये १८ टक्के करडा (१८ टक्के प्रकाश परतवणारा, म्हणजे मधला करडा) ११८ वर यावा, बस. निकॉन, कॅनन आणि सोनी वापरतात ती आरईआय (रेकमेंडेड एक्स्पोजर इंडेक्स): योग्य एक्स्पोजर कोणतं ते निर्मात्याने सांगायचं. रॉमध्ये तो करडा कुठे बसावा, याबद्दल दोन्ही गप्प आहेत. त्याच मानकातली संपृक्ततेवर आधारलेली जुनी पद्धत तेवढी १८ टक्के करडा संपृक्ततेच्या जेमतेम ३ स्टॉप खाली ठेवते. तेव्हा ‘अमुक कॅमेरा आयएसओत खोटं बोलतो’ हा आरोप मला पटत नाही. ते आकडे रॉबद्दल काही बोलतच नाहीत.

मोजायला बसण्याआधी काही सोयी बंद करायला हव्यात. निकॉनचं अॅक्टिव्ह डी-लायटिंग मॅट्रिक्समध्ये एक्स्पोजरच बदलू शकतं. फुजीचं डीआर२०० एक स्टॉप कमी एक्स्पोजर देऊन सावल्या नंतर उचलतं. कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटीही त्याच जातीचं. यातलं एखादं चालू राहिलं तर सगळे आकडे वाया जातात.

मॅट्रिक्सकडे मी मोजमाप म्हणून बघत नाही, तो कॅमेऱ्याचा अंदाज आहे. १९८३ च्या निकॉन एफएने फ्रेमचे पाच भाग करून ही वाट सुरू केली. १९९६ च्या एफ५ मध्ये १,००५ पिक्सेलचा रंग ओळखणारा सेन्सर आला आणि जोडीला हजारो प्रत्यक्ष दृश्यांच्या नोंदी. असा मीटर ‘हे काय असावं’ असं विचारतो. त्यामुळे भिंतीवर मॅट्रिक्स तपासण्यात काही हशील नाही, त्याला दृश्यच द्यावं लागतं. मी अर्धी फ्रेम उजळ खिडकी आणि अर्धी सावलीतली खोली अशी रचना केली, चौकट तशीच ठेवून फक्त फोकस पॉइंट हलवला आणि शटर स्पीड लिहीत गेले. निकॉनवर आकडा फोकस पॉइंटबरोबर सरकतो. हे कळल्यापासून मॅट्रिक्सच्या प्रत्येक नोंदीशेजारी फोकस पॉइंट कुठे होता तेही लिहिते, नाहीतर दोन नोंदी शेजारी ठेवता येत नाहीत. स्पॉटलाही हे लागू आहे: निकॉनमध्ये स्पॉट निवडलेल्या फोकस पॉइंटवर जातो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत मध्यभागीच राहतो.

सेंटर-वेटेडबद्दल (फ्रेमच्या मध्यभागाला जास्त वजन देणारं मीटरिंग) लिहिण्यासारखं फार नाही. तो अंदाज बांधत नाही, म्हणून त्याची चूक आधीच ओळखता येते. मला तो त्यासाठीच आवडतो.

या मोजणीनंतर दोन्ही बॉडींची मांडणी बदलली. निकॉनमध्ये प्रत्येक मीटरिंग पद्धतीसाठी एक्स्पोजर १/६ स्टॉपच्या पायऱ्यांनी कायमचं सरकवता येतं. तिथे फक्त स्पॉट हलवला, मॅट्रिक्सला हात लावला नाही. फुजीवर रॉ काढताना जपून कमी एक्स्पोजर देणं बंद केलं, कारण वर जागा आहे हे आकड्यांत दिसलं. आता पुढचा टप्पा हायलाइट-वेटेडचा, म्हणजे उजळ भागांना जास्त वजन देणाऱ्या मीटरिंगचा. निकॉनने ही पद्धत २०१४ मध्ये डी८१० मध्ये आणली. माझ्या निकॉनवर ती आहे, फुजीवर नाही. म्हणून फुजीवर सर्वांत उजळ जागेवर स्पॉट घेऊन त्यात २ स्टॉपपासून पुढे १/३ स्टॉपच्या पायऱ्यांनी भर घालत जाणार आहे आणि हिरवा चॅनल रॉमध्ये नेमका कुठे क्लिप होतो (संपृक्त होऊन तपशील गमावतो) ते बघणार आहे. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) त्यासाठी चालणार नाही, तो जेपेगवरून बनतो.