काकड्याला गिटार नेली आणि पंचमात अडकलो

तालुक्याच्या क्लासात शिकवलं होतं की सी, एफ आणि जी एवढे तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे गुच्छ, आले की कुठलंही भजन निघतं. निघतं की, पण कोणी भैरव रागाचे सूर लावेपर्यंतच. आमच्याकडे कार्तिकात काकडा सुरू झाला की पहाटे पेटीवर कोमल रे आणि कोमल ध येतात, आणि मग क्लासवाल्यांचा एफही चालत नाही अन् जीही. एफ मेजरमध्ये शुद्ध ध बसलेला असतो, जी मेजरमध्ये शुद्ध रे. पेटीवाल्या काकांनी हात थांबवून विचारलं, "काऊन रे बाप्पा, तुह्या गिटारीतला रे चढून काऊन राह्यला?" क्लासची फी भरलेली होती, म्हणून जास्तच लागलं.

बाकीचे कॉर्ड बांधायला वेळ लागला नाही. पांढरी एकचा सा, म्हणजे सी, धरला आणि एक सोडून एक सूर घेत गेलो. सा-ग-प म्हणजे नेहमीचा सी मेजर. रे-म-ध हा डी फ्लॅट मेजर, ग-प-नि ई मायनर, म-ध-सा एफ मायनर. ध-सा-ग ऑगमेंटेड होतो, तो मी क्वचितच वाजवतो, भजनात उगाच भुताटकी वाटते.

अडलं ते प-नि-रे पाशी. पंचमापासून वरच्या कोमल रे पर्यंत सहाच अर्धस्वर भरतात, आणि कॉर्ड नीट बसायला सात लागतात. त्यामुळे तो वाजवला की लंगडतो. नि-रे-म ची गत त्याहून वाईट, त्याला धड नावही नाही. इंटरनेटवर भैरवाच्या या स्वरांना 'डबल हार्मोनिक' म्हणतात, कुठे 'बायझंटाइन'. जणू कुठल्या दूरदेशीची चीज! अहो, कर्नाटक संगीतात हेच सूर मायामाळवगौळ म्हणून पोरांना पहिल्या धड्यात गिरवायला देतात. कॉर्डचे तक्ते मात्र ढीगभर. पाचव्या जागी 'जी सेव्हन फ्लॅट फाइव्ह' लिहून मोकळे. गाणारा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सा ला येतो तेव्हा या कॉर्डचं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. एकाने तर सल्ला दिला होता की सरळ जी मेजर वाजवा, ऐकणाऱ्याला कळत नाही. आमच्या मंडळात या आणि वाजवून दाखवा म्हणावं.

रात्री लाइट गेली की ओसरीवर हेच चालायचं. शेवटी कॉर्डचं नाव सोडलं आणि कुठला सूर कुठे जाऊ पाहतो एवढंच ऐकत बसलो. नि अर्धा स्वर चढून सा ला जातो. कोमल रे अर्धा उतरून सा लाच येतो. म अर्धा उतरला की ग. म्हणजे ज्या ओढीसाठी जी मेजर लागतो ती म, नि आणि रे या तिघांत आधीच आहे, शुद्ध रे ची गरजच नाही.

आता बोटं. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचं घर), तिसऱ्या तारेवर चौथा, दुसऱ्या तारेवर दुसरा. झाले म, नि, रे. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार बंद ठेवायची. या तिन्ही जागा हलवायच्या नाहीत, फक्त खर्जातला सूर बदलायचा. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबला की खाली प येतो, म्हणजे तक्त्यातला तोच जी सेव्हन फ्लॅट फाइव्ह. सहावी सोडून पाचव्या तारेवर चौथा दाबला की खाली रे येतो आणि डी फ्लॅट सेव्हन होतो. नुसते तीन सूर ठेवले तर तो बिननावाचा नि चा कॉर्ड. तिन्ही कोडी एकाच जागी सुटली! मला रे खाली असलेलाच आवडतो, तिथून सी मेजरवर उतरलं की सम पक्की पडते. काकांनी दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

पेटी काळी एकला असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, काळी दोनला असेल तर तिसऱ्या. बोटं वर सांगितली तीच, फ्रेट कॅपोपासून मोजायचे. हे आधीच सांगायला हवं होतं.

भैरवात रे आणि ध आंदोलित, म्हणजे हेलकावत लावलेले, असतात. गाणारा रे वर रेंगाळला की कॉर्ड लांबवू नका, फ्रेटचा रे जागचा हलत नाही आणि दोघांचं भांडण लागतं. तिथे नुसते सा आणि प छेडा. कालिंगडा रागात सूर हेच, पण ते आंदोलन नसतं, म्हणून तिथे कॉर्ड भरून वाजवता येतात. आमच्याकडची पुष्कळशी भजनं त्याच अंगाने जातात, तेव्हा मंडळाला आधी विचारून घ्या. खंजिरी असेल तर स्ट्रमिंग जवळजवळ बंदच, समेला एक आघात पुरे. तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरीवर कुरघोडी करायला जाऊ नये.

आणि गिटार ट्यूनरवर लावून जाऊ नका. जुन्या पेटीचे सूर ट्यूनरशी जुळतीलच असं नाही. काकांना सा दाबून धरायला सांगा, कॅपो लावा आणि मग त्या सा वर तारा मिळवा. पहाटेच्या गारठ्यात तारा चढतात, म्हणून पहिला अभंग झाला की पुन्हा एकदा तपासा.