पत्र्याच्या फटीतून : आठवी ते अकरावी फेरी

मागची नोंद लिहून झाल्यानंतर प्राणिसंग्रहालयाच्या माझ्या चार फेऱ्या झाल्या. त्यांच्या नोंदी एकत्रच लिहाव्यात असे ठरवले, कारण आठवी फेरी सुटी वाचली असती तर ती वाया गेली असेच वाटले असते, आणि त्या दिवशी घरी परतताना मलाही तसेच वाटले होते. सध्याची स्थिती अशी आहे. नव्या प्राण्यांत मोठ्या धनेशाची जोडी (१.१), सुसरीची पिल्ले (०.०.४) आणि मलायी टॅपिर या आखूड सोंडेच्या, डुकरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची मादी (०.१) एवढे प्रत्यक्ष पाहून झाले आहेत. आखूड नखांच्या पाणमांजरांसाठी, म्हणजे उदांसाठी बांधलेले दालन मात्र अजून पत्र्याआडच आहे. नव्याने आलेल्या वाचकांसाठी सांगते की या आकड्यांतला पहिला नरांचा, दुसरा माद्यांचा आणि तिसरा लिंग न ओळखलेल्या प्राण्यांचा असतो. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलाच प्राणी वहीत मोजते. फलकावर नाव लागले म्हणून प्राणी आला असे धरत नाही.

धनेशांपासून सुरुवात करते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. आठव्या फेरीत मी वहीत २.० असे लिहिले होते. दोन्ही पक्षी सावलीत बसले होते आणि दोघांच्याही डोळ्यांशी तांबडा रंग दिसला, तेवढ्यावरून दोघेही नर असावेत असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले. मोठ्या धनेशाच्या नराची बुबुळे लाल असतात आणि मादीची निळसर पांढरी, हे मला पाठ होते. मात्र मादीच्या डोळ्याभोवतीची उघडी कातडी गुलाबीसर असते आणि लांबून पाहताना तीच डोळ्याचा रंग म्हणून खपून जाते, हे लक्षात राहिले नव्हते. नवव्या फेरीत दुर्बीण घेऊन जाळीच्या समोरच्या कट्ट्यावर तासभर बसले, तेव्हा डावीकडच्या पक्ष्याने मान वळवली आणि गुलाबी कडेच्या आत पांढरट बुबुळ स्पष्ट दिसले. त्यानंतर चोचीवरचे शिरस्त्राण, म्हणजे टोपीसारखा उंचवटा, तेही निरखले. नराच्या शिरस्त्राणाला पुढे-मागे काळा रंग असतो. हिच्या शिरस्त्राणावर त्याचा मागमूस नव्हता आणि ते आकारानेही लहान होते. वहीतला आकडा खोडून १.१ केला. खोडलेला आकडा तसाच ठेवला आहे. रबराने पुसलेली चूक पुन्हा होते, असा माझा अनुभव आहे.

त्याच तासाभरात आणखी एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. नर शेपटीच्या मुळाशी चोच नेऊन घासत होता आणि मग तीच चोच पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर फिरवत होता. या पक्ष्यांच्या चोचीचा आणि पांढऱ्या पिसांचा पिवळेपणा हा पुष्कळसा शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलाचा असतो, हे वाचले होते. पण चोच घासण्याआधी पंखावरचा जो भाग मळकट पांढरा दिसत होता, तो घासल्यानंतर हळदीचा हात लागल्यासारखा झालेला पाहणे हा निराळाच आनंद आहे.

या जोडीला अद्याप एकत्र सोडलेले नाही. मधोमध जाळी आहे आणि दोघे एकमेकांना पाहू शकतात, ऐकू शकतात, मात्र चोच मारू शकत नाहीत. काही पाहुण्यांनी माझ्या शेजारी उभे राहून या व्यवस्थेला क्रूर ठरवले. मला ती अत्यंत समंजस वाटते. धनेश जोडीदाराच्या बाबतीत चोखंदळ असतात आणि माणसाने जुळवलेली स्थळे त्यांना पसंत पडतीलच असे नाही. मोडलेले स्थळ बंद जागेत जखमांवर जाते. जाळीआडची ओळख पुढे सरकते आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे नराने मादीला फळ देऊ करणे. दहाव्या फेरीत नराने अंजिराचा तुकडा चोचीच्या टोकात धरून तीन वेळा जाळीपाशी आणला. पहिल्या दोन वेळा मादीने पाहिले न पाहिलेसे केले आणि तुकडा खाली पडला. तिसऱ्या वेळी तिने तो घेतला, हवेत किंचित उडवून घशात टाकला आणि लगेच दूरच्या फांदीवर जाऊन बसली. माझ्यामागे झाडलोट करत असलेल्या रक्षकदादांनी हात थांबवून विचारले, "घेतलं का हो ताई तिनं?" मी होकार दिला, तेव्हा ते खराटा तसाच टेकवून वर कळवायला गेले. त्यावरून ही खूण केवळ माझ्यासारख्या हौशी मंडळींनाच महत्त्वाची वाटत नाही, असे दिसते.

मादीच्या बाजूला पोकळ ओंडक्याची ढोली बसवली आहे आणि तिचे तोंड उभट, चिरेसारखे ठेवले आहे. वीण यशस्वी व्हायची असेल तर मादी त्या ढोलीत शिरून मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने तोंड लिंपून घेईल, आणि अंडी उबवण्याचे सुमारे ३८ ते ४० दिवस व त्यानंतरचाही काही काळ नराने फटीतून भरवलेल्या अन्नावर काढील. म्हणजे सर्व काही उत्तम चालले तर पाहुण्यांना एकच पक्षी दिसेल आणि दुसरा पक्षी कुठे गेला, अशी तक्रार वाढेल. व्यवस्थापनाने त्यासाठी फलक आत्ताच तयार ठेवावा.

पक्षिगृहाबद्दल माझे एक गाऱ्हाणे आहे. ते उंच आहे, पण लांब नाही. जेन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये वर्तननिरीक्षणाच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिच्यातली ठरावीक अंतराने नजर टाकून नोंद करण्याची पद्धत मी या वर्षापासून वापरते आहे. पक्षिगृहाचे मनात सहा भाग पाडले आणि अर्धा तास दर दोन मिनिटांनी नर कोणत्या भागात आहे हे टिपले. पंधरापैकी अकरा नोंदी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या निघाल्या; जमिनीलगतच्या तिन्ही भागांत एकही नाही. एका सकाळच्या पंधरा नोंदींवरून मोठे अनुमान काढणे धाडसाचे होईल, तरीही जागेचे मोल तिच्या मापापेक्षा तिच्या उपयोगावर ठरते, हे १९५४ ते १९७३ या काळात झ्युरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक असलेल्या हायनी हेडिगर यांनी आग्रहाने मांडलेले सूत्र इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मोठा धनेश उडताना पंखांचा जो सूं-सूं असा दमदार आवाज दूरवर ऐकू येतो, तो या पक्षिगृहात एकदाही ऐकू आला नाही, कारण दोन झेपांतच भिंत येते.

सुसरीच्या पिल्लांची नोंद ०.०.४ अशी आहे आणि ती बरीच वर्षे तशीच राहील. पिल्लांत नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. नराच्या थुंतरीच्या टोकावरचा मडक्यासारखा उंचवटा, ज्यावरून हिंदीत त्यांना घडियाल म्हणतात, तो वयात आल्यावरच दिसू लागतो. मगर-सुसरींमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी कोणत्या तापमानात उबली यावर ठरते, त्यामुळे एकाच घरट्यातली चारही एकाच लिंगाची असणे सहज शक्य आहे. नवव्या फेरीत ही चारही पिल्ले वाळूच्या उतारावर एकमेकांवर रचल्यासारखी पडली होती. दहाच्या सुमारास ऊन हातभर सरकले, तशी तीही एकामागून एक सरकली, आणि प्लास्टिकची आहेत म्हणून पैज लावलेल्या दोन मुलांपैकी एक हरला. वाळूचा उतार मंद ठेवला आहे, हे मला फार आवडले. वाढलेल्या सुसरीला अंग उचलून चालणे जमत नाही, ती पोटावर घसटत किनारा गाठते, आणि उभ्या सिमेंटच्या काठाशी तिचे काहीच चालत नाही. पाण्याच्या तळाशी मात्र दोन नाणी चमकताना दिसली. प्राणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी नाणी फेकणाऱ्यांना ठाऊक नसावे, पण गिळलेले नाणे सुसरीच्या पोटात दीर्घकाळ राहून विषबाधा करू शकते. मी रक्षकांना दाखवल्यावर त्यांनी लांब दांड्याच्या जाळीने ती काढली.

टॅपिरबद्दल थोडक्यात लिहिते, कारण पाहिलेही थोडकेच. आधी दिसल्या त्या पावलांच्या खुणा. डबक्याच्या काठच्या चिखलात पुढच्या पायाची चार आणि मागच्या पायाची तीन बोटे इतकी ठळक उमटली होती की प्राणी दिसण्याआधीच ओळख पटली. ती स्वतः बांबूच्या सावलीत निजली होती आणि पांढऱ्या पाठीमुळे तिचा आकार तुटून मोठ्या धोंड्यासारखा भासत होता. हा प्राणी संध्याकाळनंतर वावरणारा असल्याने दुपारी बाराला समोर उभे राहून "काहीच दिसत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. बंद होण्याच्या आधीचा अर्धा तास गाठावा.

आता उदांच्या दालनाकडे वळते. फलकावरच्या "लवकरच" या शब्दाखालची तारीख आतापर्यंत तीन वेळा बदलली आहे आणि प्रत्येक वेळी जुन्या तारखेवर नवी चिठ्ठी डकवल्यामुळे तो कोपरा जाडजूड झाला आहे. आठव्या फेरीत पत्र्यांच्या फटीतून पाहिले तेव्हा तलाव भरलेला होता. नवव्या फेरीत तो कोरडा होता आणि दहाव्या फेरीत पुन्हा भरलेला. मी वहीत "गळती, काम निकृष्ट" असा शेरा मारला आणि त्यापुढे एक खोचक वाक्यही लिहिले, ते इथे देत नाही.

पुढे त्या शेऱ्याचीही दुरुस्ती करावी लागली. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाणी अल्कधर्मी होते. ते पाणी प्राण्यांच्या डोळ्यांना आणि कातडीला सोसत नाही, आणि माशांना तर मुळीच नाही. त्यामुळे तलाव भरायचा, काही दिवस ठेवायचा, ओतून टाकायचा आणि पुन्हा भरायचा, असे पाणी ताळ्यावर येईपर्यंत करत राहावे लागते. या दालनात शेजारी माशांची टाकीही आहे. तिथल्या गाळणयंत्रात अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू रुजायला काही आठवडे लागतात आणि त्यांना घाई करता येत नाही. गळती म्हणून ज्याला नावे ठेवली, ते बहुधा शहाणपणाचे काम होते.

दहाव्या फेरीत आणखी दोन बदल दिसले. कुंपणाच्या कडेने चर खणून जाळी जमिनीखाली उतरवली जात होती. खणणाऱ्या आणि फटी चाचपणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे आधीच सुचायला हवे होते, पण उशिरा का होईना सुचले. दुसरे म्हणजे तलावाच्या एका बाजूला भर घालून पाण्याची जागा कमी केली होती. फलकावरच्या चित्रात तलाव ऐसपैस दाखवला आहे, आणि पाहुण्यांना पोहणारे ऊदच पाहायचे असतात, हे खरे. परंतु उदांच्या अंगावर सीलसारखा चरबीचा जाड थर नसतो. दाट केसांत अडकलेल्या हवेवरच त्यांची ऊब टिकते, आणि केस वाळवायला, घासायला, लोळायला कोरडी जमीन नसेल तर ऊद आजारी पडतो. आखूड नखांचा ऊद तर बराच वेळ काठावर काढतो. ज्याने चित्र बाजूला ठेवून ही भर घालायला लावली, त्याचे मी मनापासून कौतुक करते.

तथापि प्रत्येक विलंबामागे प्राण्यांचे हितच शोधत बसणे हाही भाबडेपणा ठरेल. पाहुण्यांसाठीची फरसबंदी एकदा पूर्ण झाल्यावर नळ टाकण्यासाठी उखडली, पुन्हा बसवली आणि अकराव्या फेरीत ती आणखी एकदा उखडलेली दिसली. त्याचा उदांच्या केसांशी काही संबंध नाही. पाहणीच्या खिडकीची काच चौकटीत बसत नसल्याने तिला टेकूला लावून ठेवले आहे, आणि त्या काचेवर अजून कागदही चिकटवलेला नाही. एक साळुंकी तिच्यावर आपटून भेलकांडताना मी पाहिली.

अकराव्या फेरीत रक्षकांकडून कळले की ऊद येऊन बरेच दिवस झाले आहेत आणि त्यांचे विलगीकरण संपले आहे. असे विलगीकरण साधारणपणे किमान ३० दिवसांचे असते. त्यानंतर त्यांना मागच्या बाजूच्या निवाऱ्यात हलवले असून, रात्रीच्या खोलीत बोलावल्यावर परत यायची सवय लावणे चालू आहे. ही सवय लागण्याआधी बाहेर सोडणे म्हणजे संध्याकाळी जाळे घेऊन धावण्याची तयारी ठेवणे होय, म्हणून याही उशिराला माझी हरकत नाही.

परत निघण्याआधी मी पत्र्यांच्या शेवटच्या फटीशी थांबले. तिथून निवाऱ्याचे मागचे लोखंडी दार दिसते आणि दाराखाली चार बोटांची फट आहे. आतून बारीक शिटीसारखे दोन-तीन आवाज आले, आणि मग त्या फटीतून एक ओला, तपकिरी पंजा बाहेर आला. नखे जवळपास दिसतच नव्हती. बोटे तेवढी सुटी सुटी हलत होती, अंधारात स्विच शोधणाऱ्या हातासारखी. त्या बोटांनी जमिनीवरचा एक खडा चाचपला, उलटा केला, पुन्हा चाचपला आणि आत ओढून नेला. आत दोघे आहेत आणि जोडी १.१ आहे, असे रक्षकांनी सांगितले आहे. वहीत मी ०.०.१ लिहिले.