पहिल्या रविवारची सकाळ

शाळेच्या महोत्सवाचे निमंत्रण आणि त्यासोबत स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची विनंती हाती आली, तेव्हा शाळेविषयीच लिहायचे मनात होते. पण कागद पुढे ओढला आणि दगडी जिना, चिंचेखालची घंटा, वरच्या हॉलमधली सकाळची प्रार्थना हे सगळे मागे सरून आठवीचे आमचे मराठीचे सर तेवढे समोर उभे राहिले. माझ्या वेळच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सांगायला नको. आपले नाव छापून आलेले त्यांना कधी रुचले नाही, म्हणून येथेही मी ते लिहीत नाही. ख्रिस्ताचा शिष्य होऊन जगणे म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यातला मोठा भाग त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीने शिकवला.

मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली. बाप्तिस्मा, रविवारची शब्बाथशाळा, नाताळची गाणी हे सगळे मला न मागता मिळाले होते. सर बायबलच्या तासाला प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय उघडायला लावत आणि अंत्युखिया शहरात शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाल्याचे वचन आमच्याकडून वाचून घेत. ते म्हणत, ‘‘ती माणसे आधी शिष्य झाली, नाव मागून आले. तुम्हाला नाव आधी मिळाले आहे, शिष्य व्हायचे अजून राहिले आहे.’’ आपला वधस्तंभ, म्हणजे क्रूस, उचलून मागे येण्याविषयीचे प्रभूचे शब्द मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी नोंदवले आहेत, पण त्यात ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकने दिला आहे, हेही त्यांनीच दाखवले. तो एक शब्द फळ्यावर लिहून तास संपेपर्यंत ते कोणाला पुसू देत नसत. रोज उचलायचा असा कोणता वधस्तंभ आमच्यासारख्या मुलांच्या वाट्याला येणार, हे मात्र त्या वयात उमगत नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी बोलताना सरांचा आवाज हळवा होई. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, नगर भागात अनेक वर्षे मिशनचे काम केले आणि अखेरीस, 1917 साली, ती चाकरी सोडून साताऱ्यात ख्रिस्ताच्या शिष्यांचा ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांना जागा होती. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यामुळेच की काय, सर तुकोबांचा अभंग इतक्या जिव्हाळ्याने शिकवत की वर्गातली वारकरी घरांतली मुले तो तास कधी चुकवत नसत.

आता त्या प्रसंगाकडे येते. 1973 सालचा फेब्रुवारी होता. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेलेला, विहिरी आटलेल्या, घरोघरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. वडील नव्हते, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला पहाटेच निघून जाई आणि टँकरच्या रांगेत घागरी घेऊन मी उभी राही. टँकरची ठरावीक वेळ नसे. त्या आठवड्यात मी तीन दिवस उशिरा पोहोचले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला दाराबाहेर उभे केले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ‘‘ज्या घरात शिस्त नाही, त्या घरातली मुलगी वेळेवर येणार तरी कशी?’’ मी काहीच बोलले नाही. आईवर आलेला तो शब्द मला छडीपेक्षा लागला, आणि घरी आल्यावर मी तो आईला सांगितला.

शनिवारी कोणीतरी सरांना खरी हकिकत सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा, दिवस होता. सर आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, होते. भाकर आणि प्याला वाटण्यासाठी ते पाळकांच्या बाजूला उभे राहत. त्या सकाळी उपासनेची पहिली घंटा होण्याआधी ते आमच्या खोलीच्या दारात आले, वहाणा बाहेर काढल्या, आईने पुढे केलेल्या पाटावर न बसता उंबऱ्याजवळ जमिनीवरच बसले आणि म्हणाले, ‘‘बाई, मी तुमच्या घराविषयी खोटे बोललो. तुमची आणि या मुलीची क्षमा मागितल्याशिवाय आज मला त्या मेजाजवळ उभे राहता येणार नाही.’’ आई गोंधळून गेली. ‘‘असं काय बोलता सर, तुम्ही मोठी माणसं,’’ एवढेच तिला सुचले. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन मला तोंडपाठ होते. पण ते पायांनी चालत घरी येऊ शकते, हे तोवर माहीत नव्हते.

आईने त्यांना गुळाचा कोरा चहा दिला. तो पिऊन ते उठले आणि जाताना मला म्हणाले, ‘‘मी चाळीस मुलांसमोर बोललो, तेव्हा क्षमाही त्यांच्यासमोरच मागितली पाहिजे. उद्या वर्गात मागेन.’’ सोमवारी त्यांनी ती मागितली, सरळ शब्दांत, कोणतेही कारण न सांगता. आणि मग टँकरच्या रांगेतून येणाऱ्या मुलांना उशिराबद्दल शिक्षा होणार नाही असे सांगून आदल्या आठवड्यात राहिलेला धडा पुढे शिकवू लागले.

पुढे मी नर्सिंगला गेले आणि 34 वर्षांच्या सेवेनंतर मेट्रन म्हणून निवृत्त झाले. मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा धुताना प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट अनेकदा आठवे; पण खरे सांगायचे तर जखमा धुणे मला कधी जड गेले नाही. जड गेले ते एकदाच. हरवलेल्या केसपेपरावरून मी एका वॉर्डमावशीला नातेवाइकांसमोर फार टाकून बोलले आणि तो कागद संध्याकाळी माझ्याच टेबलाच्या खणात सापडला. तिला बाजूला बोलावून दोन शब्द बोलणे सोपे होते. त्याच वॉर्डात, त्याच नातेवाइकांसमोर क्षमा मागायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. फळ्यावरच्या ‘दररोज’चे वजन मला तेव्हा कळले.

आज शाळेची नवी इमारत पाहून आनंद होतो. मात्र बायबलचा तास वेळापत्रकात आक्रसत गेल्याचे ऐकते, तेव्हा वाईट वाटते. त्याहून अधिक दुःख याचे होते की आपल्या ख्रिस्ती समाजात मिळकतींवरून वर्षानुवर्षे दावे चालतात आणि दोन्ही बाजूंची माणसे पहिल्या रविवारी एकाच मेजाशी येऊन आपापल्या घरी परततात. सर असते तर त्यांनी कोणाला उपदेश केला नसता. ते कोणाच्या तरी उंबऱ्याशी जाऊन बसले असते.

1996 साली मी त्यांना शेवटची भेटले. दृष्टी गेली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. मी त्या रविवारचा विषय काढला. ते बराच वेळ आठवत राहिले. वर्गात काय बोललो, क्षमा कशी मागितली, यातले काहीही त्यांच्या ध्यानात नव्हते. मग एकदम म्हणाले, ‘‘तुझ्या आईने कोरा चहा दिला होता. त्या दुष्काळात तिने गूळ कुठून आणला, हे विचारायचे तेव्हा राहूनच गेले.’’

मी त्यांना सांगितले, शेजारच्या घरून उसना आणला होता.