तुम्ही विचारलंत म्हणून: धाक की मोकळीक?

पालकसभा संपली की कुणीतरी मागे रेंगाळतंच. "बाई, पोराला धाकात ठेवू की मोकळं सोडू? डोकं कशानं चालेल?" बालवर्गात इतकी वर्षं काढूनही मला याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

पत्त्यांचा एक खेळ सांगते. आधी रंगाप्रमाणे पत्ते लावायचे, मग नियम बदलून आकाराप्रमाणे. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडानं बरोबर सांगतं आणि पत्ता मात्र जुन्याच ढिगावर ठेवतं! कळलेलं असतं, पण हात आवरत नाही. चार-पाच वर्षांचं झालं की बहुतेकांना जमतं. तेव्हा "सांगितलेलं कळत नाही का?" हा प्रश्नच चुकीचा.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तऱ्हा मांडल्या: नुसता धाक, नुसती मोकळीक, आणि माया असून नियमही पक्के. या तिसऱ्या तऱ्हेच्या पालकांची मुलं साधारणपणे स्वतःला जास्त आवरतात. (शांत मुलाशी मायेनं वागणं सोपंही असतं, हे विसरू नका.)

मला विचाराल तर धाकापेक्षा शब्द पाळणं मोठं. सेलेस्ट किड या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रकलेचं छान सामान आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्यांना दिलं, उरलेल्यांसमोर रिकाम्या हातानं परत आले. मग प्रत्येकापुढे एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवला: थांबलास तर दोन. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली तीनच. फसलेल्यांना हावरट कसं म्हणायचं? त्यांचा हिशेब चोख होता.

दुसरं, हात मागे ठेवणं. हे पालकांना फार जड जातं. परवा एक चिमुरडी शाळा सुटल्यावर कोटाची बटणं लावत होती. वरचं बटण खालच्या काजात गेलं. बाबांचा हात पुढे आला. मी डोळ्यांनीच थांबवलं. ती स्वतःशी पुटपुटत होती, "हे नाही... हे... नाही, हे." असं पुटपुटणं म्हणजे मूल स्वतःलाच सूचना देत असतं. मध्येच आपण बोललो की तिचा धागा तुटतो. चार मिनिटं लागली. बाबांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

गेली तेव्हा कोट वाकडाच होता.