डेस्कटॉपची निवड आणि सामाईक नियम

लिनक्सवर आपल्या आवडीचा डेस्कटॉप, म्हणजे मेनू, पट्टी आणि खिडक्या दाखवणारी व्यवस्था, निवडता येतो, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण एका डेस्कटॉपसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नीट चालला नाही, तर त्या निवडीला फारसा अर्थ उरत नाही, कारण डेस्कटॉप बदलला की हाताशी असलेली सगळी साधनेही बदलावी लागतात. हे टळते ते पडद्यामागच्या सामाईक नियमांमुळे, आणि त्यांची पुरेशी कदर होत नाही असे मला वाटते.

केडीई या डेस्कटॉपची घोषणा मथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केली. त्याला आधारभूत असलेल्या क्यूटी या प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचाचा परवाना तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नसल्यामुळे १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी गनोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. दोन्हीकडे मेनूपासून प्रोग्रॅमांच्या आपसांतील संवादापर्यंत सारे वेगळे होऊ लागले. २००० मध्ये हॅवक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग हे सामाईक व्यासपीठ उभे केले, तेव्हा कोणालाही आपला डेस्कटॉप सोडायला सांगितले गेले नाही. फक्त सांध्यांवर एकमत मागितले गेले. प्रोग्रॅमचे नाव, चिन्ह आणि आज्ञा सांगणारी छोटी फाईल एकाच पद्धतीने लिहायची, म्हणजे तो सगळ्यांच्या मेनूत दिसेल. त्याच फाईलमध्ये नावाचे मराठी रूपही देता येते. प्रोग्रॅमांच्या आपसांतील संवादासाठी डी-बस हे सामाईक माध्यम आले, आणि केडीईने २००८ च्या चौथ्या आवृत्तीत स्वतःची डीकॉप ही चांगली चालणारी व्यवस्था बाजूला ठेवून ते स्वीकारले. चालते ते सोडून सामाईक ते घेणे सोपे नसते, म्हणून मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना तर याचा लाभ रोजच होतो. जोडाक्षरे जुळवण्यासाठी गनोमचे पँगो हे मजकूर मांडणारे साधन आणि क्यूटी पूर्वी फ्रीटाइप या फॉन्टविषयक प्रकल्पातून आलेल्या कोडच्या आपापल्या प्रती सांभाळत. पुढे हे काम हार्फबझ या एकाच लायब्ररीकडे आले, आणि आज फायरफॉक्स व लिबरऑफिसही तीच वापरतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र त्या जुळणीत बिघडला, तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते आणि ती सर्वांपर्यंत पोचते. कळफलकांचे आराखडेही असेच एका सामाईक संग्रहात आहेत, त्यामुळे डेस्कटॉप बदलला तरी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या आराखड्याच्या कळा जागच्या जागी राहतात.

जिथे एकमत होत नाही तिथे त्याची किंमत वापरणारा मोजतो. पट्टीच्या कोपऱ्यातील सूचनाचिन्हे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. केडीईने त्यांसाठी नवी पद्धत आणली, उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने ती उचलली, गनोमने मात्र ती स्वीकारली नाही आणि २०१७ मध्ये जुनी पद्धतही काढून टाकली. अशी चिन्हे लक्ष विचलित करतात, हा गनोमचा आक्षेप मला समजतो, पण खिडकी बंद करून कोपऱ्यात जाऊन बसणारा प्रोग्रॅम तिथे दिसेनासाच होतो आणि वापरणाऱ्याला ती चिन्हे दाखवणारे एक्स्टेन्शन शोधत बसावे लागते. माझ्या मते चिन्हे दाखवावीत की लपवावीत हे ज्याने त्याने ठरवावे, पण प्रोग्रॅमने ती कशी पाठवावी यावर दोन मते असू नयेत. गडद रंगसंगतीच्या बाबतीत हे साधले आहे: आपली पसंती एकदा नोंदवली की निरनिराळ्या डेस्कटॉपांवरील प्रोग्रॅम ती एकाच मार्गाने वाचू शकतात.

पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स-११ पद्धतीकडून वेलँड या नव्या पद्धतीकडे जाताना मला खरी काळजी वाटते ती टंकलेखनाची. उच्चारानुसार मराठी लिहिणारे अनेकजण आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टंकलेखन साधनांवर अवलंबून असतात. गनोम आयबसशी स्वतःच बोलतो. केडीई प्लाझ्मामध्ये मात्र तीच सोय ‘आभासी कळफलक’ या सेटिंगखाली निवडावी लागते, जिथे ती शोधण्याचे कोणाला सुचणार नाही. मजकूर भरण्याचे प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले संवादाचे नियम, वेलँडमध्ये आहेत, पण ते सगळीकडे सारख्याच रीतीने राबवले जात नाहीत. खिडकीची चौकट प्रोग्रॅमने रंगवावी की डेस्कटॉपने, यावरचा वाद लांबला तरी चालेल. स्वतःच्या भाषेत लिहिता येणे ही मात्र आवडीनिवडीची बाब नाही, म्हणून या प्रोटोकॉलांवरचे एकमत सर्वांत आधी व्हायला हवे.