अंगठ्याचे क्लिक मोजू नका

समजा, दादरच्या एका फराळवाल्याने गुगलमार्फत ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर रोज ५०० रुपये लावले. पंधरा दिवसांचे झाले ७,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि त्याची वजावट मिळत नसेल तर खिशातून गेले ८,८५०. एका ऑर्डरमागे १५० रुपये सुटत असतील तर नुसता खर्च निघायलाच ५९ ऑर्डरी हव्यात, आणि त्याही जाहिरातीशिवाय आल्याच नसत्या अशा. जाहिरात लागू पडली की नाही, ते या ५९ वर ठरतं.

क्लिकवर का ठरत नाही, ते लोकलमध्ये दिसतं. एका हातात कडी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि अंगठ्यानेच गेम चाललेला. जाहिरातीची पट्टी, म्हणजे बॅनर, गेमच्या बटणाला खेटून. गाडीला हिसका बसतो, अंगठा सरकतो, क्लिक पडतो आणि पान उघडायच्या आत माणूस मागे फिरतो. असे काही क्लिक गुगल गाळतं, पण सगळे गाळले जात नाहीत. म्हणून क्लिकचा आकडा आणि वेबसाइटवर खरोखर उघडलेल्या भेटींचा आकडा शेजारी ठेवून बघा. तफावत मोठी असेल तर जाहिराती कुठे दिसल्या त्याचा रिपोर्ट उघडा आणि खर्चाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. लहान मुलांचे गेम, टॉर्चची ॲप्स वरच सापडतात. ती एकेक करून वगळा, आणि दर आठवड्याला पुन्हा बघा, कारण नवी येत राहतात.

रिपोर्टमधल्या ‘जाहिरात दिसली’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नका. बॅनरचा निम्मा भाग एक सेकंद पडद्यावर राहिला की तो दिसला असं धरतात. व्हिडिओला दोन सेकंद पुरतात. गेममधली नाणी मिळवायला बघितलेला व्हिडिओ तर शेवटपर्यंत चालतोच, कित्येकदा आवाज बंद करून. त्यामुळे दुकानाचं नाव आणि ‘दादर पश्चिम’ ही अक्षरं पहिल्या दोन सेकंदांत, मोठ्या टायपात हवीत.

मुंबईत बरेच पैसे वाया जातात ते जाहिरात कुठल्या भागात दाखवायची, ते ठिकाण निवडताना. दादरभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्याचा मोठा तुकडा समुद्रात पडतो. चेंबूरभोवती १० किलोमीटर घेतले तर खाडीपलीकडच्या वाशीचा काही भागही आत येतो. नकाशावर जवळ, डिलिव्हरीला लांब. त्याऐवजी स्टेशनांभोवती दोन-दोन किलोमीटरची छोटी वर्तुळं घ्या. गुगलवर ठिकाणाचा पर्याय आपोआप ‘तिथे असलेले किंवा त्या जागेत रस असलेले’ असा लागतो. तो बदलून फक्त तिथे असलेले किंवा नेहमी येणारे लोक ठेवा.

ऑर्डर जाहिरातीमुळे आली का, ते जाहिरातीत दिलेल्या कूपन कोडने अर्धंच कळतं, कारण नेहमीचं गिऱ्हाईकही तो कोड वापरतं. माझ्या मते खरी परीक्षा एकच: विक्री साधारण सारखी असलेले दोन भाग घ्या, समजा माहीम आणि पार्ले. दोन आठवडे दोन्हीकडच्या ऑर्डरी नुसत्या लिहून ठेवा. पुढचे दोन आठवडे फक्त माहीममध्ये जाहिरात चालवा. माहीम ४० वरून ७० वर गेलं आणि पार्लेही ४० वरून ५५ वर गेलं, तर जाहिरातीच्या पदरात ३० नव्हे, १५ ऑर्डरी घाला. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर ही चाचणी लावू नका. तेव्हा दोन्हीकडचे आकडे असे उसळतात की जाहिरातीचे १५ त्यात शोधूनही सापडत नाहीत.